वरच्या बर्थवरून ऐकू येणारी गाडी

काकांनी चार डबे माझ्या टेबलावर ठेवले तेव्हा मागणी साधी होती. आत दिवे हवेत, ते लुकलुकता कामा नयेत, आणि रुळांच्या सांध्यांचा आवाज यायला हवा. डबे एचओ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराचे, युरोपीय धाटणीचे शयनयान. चांगले जपलेले. जुने फिलामेंटचे बल्ब मात्र चाकांना जरा घाण लागली की विझायचे, आणि एका डब्याचं छत बल्बच्या उष्णतेने वाकलं होतं. असे डबे उघडून त्यात दिवे, आवाज, पडदे, माणसं बसवून देणं हा माझा व्यवसाय. आवाजाचं काम येतं ते बहुतेक इंजिनाचं. डब्याला आवाज मागणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, त्यामुळे मी खूश होते.

दिव्यांबद्दल आधी सांगते, कारण त्या बाबतीत माझं फार कमी लोकांशी पटतं. तयार पट्टी आणून छताला चिकटवली की डबा दुकानाच्या शोकेससारखा झगझगतो, आणि बहुतेकांना तेच आवडतं. पांढरा एलईडी २० मिलिअँपिअरवर चालवायची डब्यात काहीच गरज नसते. एक मिलिअँपिअर पुरतो, कधी त्याहूनही कमी. रंग २७०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर. जुन्या डब्यात ६००० केल्विनचा निळसर पांढरा उजेड दिसला की मला पुढचं काही बघवत नाही. शिवाय प्लास्टिकच्या भिंतीतून उजेड पाझरतो आणि अख्खा डबाच आतून पेटल्यासारखा दिसतो, म्हणून भिंतींना आतून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा. छत भिंतीवर टेकतं त्या फटीला काळी पट्टी. दोन कप्प्यांच्या मध्ये काळं कार्ड, नाहीतर एका कप्प्यातला दिवा शेजाऱ्याच्या पडद्यावर उमटतो.

आणि रात्रीच्या गाडीच्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या नसतात, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. काकांना सांगावं लागलं नाही. त्यांचं आयुष्य फिरतीच्या नोकरीत गेलेलं. ते म्हणाले, "पॅसेजमध्ये मंद दिवा ठेव. कप्पे अंधारात, फक्त निळा रात्रदिवा. आणि तिसऱ्या डब्यात एका कप्प्यात वरच्या बर्थचा वाचायचा दिवा चालू." इतकं नेमकं सांगणारा माणूस भेटला की काम करायला हुरूप येतो. तो वाचायचा दिवा मी केसाइतक्या तारेवर बसवला, उशीपाशी, आणि त्याचा उजेड फक्त खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात दिसेल एवढाच ठेवला.

लुकलुकण्याचा उपाय तसा जुनाच. डीसीसी, म्हणजे रुळांतूनच वीज आणि आदेश दोन्ही पाठवणारी डिजिटल पद्धत, असलेल्या लेआउटवर (गाडी फिरते त्या मांडणीवर) रुळांत १४ ते १६ व्होल्टची, दिशा सतत बदलणारी वीज असते. ती चाकांवरून ब्राँझच्या पात्यांनी उचलायची, ब्रिज रेक्टिफायरमधून सरळ करायची आणि पुढे १००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग. सगळे दिवे मिळून १० मिलिअँपिअर घेत असतील तर अर्धा सेकंद वीज तुटली तरी साधारण पाचच व्होल्ट उतरतात, आणि घाणेरड्या सांध्यावर तेवढा वेळ रग्गड असतो. पण असे डबे एकाच वेळी रुळावर चढवले की सगळे कपॅसिटर एकदम भरू लागतात, रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरला वाटतं शॉर्ट झालं, आणि तो वीज तोडतो. म्हणून प्रत्येकापुढे १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर डायोड लावायचा. भरताना वीज रेझिस्टरमधून सावकाश जाते, लागेल तेव्हा डायोडमधून सरळ बाहेर येते. हे दोन सुटे भाग वाचवून विकलेल्या पट्ट्या मी काढून फेकते.

आता आवाज. एक व्यवसायबंधू मला म्हणाला, रेकॉर्डिंग लूपवर लावून दे, कुणाला कळतंय. असे डबे माझ्याकडे दुरुस्तीला येतात. गाडी फलाटावर उभी असते आणि आतून सांध्यांचा खडखडाट चालूच. हे मी कधीच करणार नाही.

मी केलं ते असं. लेआउटच्या समोरच्या सरळ भागात, रुळांखालच्या आडव्या स्लीपरांच्या मधोमध, दर साडेचौतीस सेंटिमीटरला एक बारीक चुंबक पुरलं. खऱ्या मापात तो ३० मीटरचा रूळ होतो. प्रत्येक डब्याखाली चार हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की खूण देणारे), प्रत्येक अ‍ॅक्सलपाशी (चाकांच्या जोडीच्या दांड्यापाशी) एक. अ‍ॅक्सल चुंबकावरून गेलं की त्या डब्याच्या स्पीकरमधून एक ठोका. स्पीकर ११ बाय १५ मिलिमीटरचा, मागून हवाबंद डबीत बसवलेला. डबी नसेल तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरते ती नुसती किरकिर. तोंड खाली, बोगीच्या दिशेने. बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. आवाज तिथूनच यायला हवा.

मला यात सर्वांत सुंदर वाटतं ते वेगळंच. मॉडेलमध्ये लांबी ८७ पटीने कमी होते आणि वेगही ८७ पटीने कमी होतो, पण दोन ठोक्यांमधला वेळ जसाच्या तसा राहतो. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचं मॉडेल सेकंदाला साडेपंचवीस सेंटिमीटर सरकतं. खऱ्या बोगीची दोन अ‍ॅक्सल अडीच मीटर अंतरावर असतील तर दोन ठोक्यांत सुमारे ०.११ सेकंद जातो, मॉडेलमध्येही तेवढाच. अख्ख्या मॉडेलमध्ये न आकसलेली ही एकच गोष्ट. लय तेवढी पूर्ण आकाराची असते.

लय मात्र डब्याच्या लांबीवर अवलंबून. खरा डबा २६.४ मीटर लांब, दोन बोग्यांच्या मध्यांतलं अंतर १९ मीटर. ८७ ने भागलं तर मॉडेल ३०३ मिलिमीटर यायला हवं. पण अरुंद वळणांवरून जाता यावं म्हणून अनेक कंपन्या ते २८२ मिलिमीटरच करतात. काकांचे डबे तसलेच. त्यामुळे डब्याच्या मधली शांतता खऱ्यापेक्षा थोडी तोकडी होते. माझ्या कानाला ते खुपतं. बाकी कुणाला खुपत नसावं.

दिवे लावले, खोलीतला उजेड बंद केला आणि गाडी सोडली. दोन डबे जिथे जोडले जातात तिथे चार ठोके लागोपाठ, मग मोकळी जागा, पुन्हा चार. अगदी हवी तशी. काकांनी एक फेरी बघितली. मग खुर्ची फिरवली आणि लेआउटकडे पाठ करून बसले. दोन-तीन फेऱ्या नुसत्या ऐकल्या.

"सुरेख झालंय गं," ते म्हणाले. "पण हा फाटकावर उभा राहिलेल्या माणसाचा आवाज आहे."

"काका, तुम्ही फाटकावरच आहात. टेबलापासून एक मीटरवर बसलात म्हणजे खऱ्या हिशोबात ८७ मीटरवर. तिथून गाडीच्या आतलं काही ऐकू येत नाही."

"मी ८७ मीटरवर नाहीये. मी वरच्या बर्थवर आहे."

मी वाद घातला, आणि तो वाद मला अजूनही बरोबर वाटतो. मॉडेल बाहेरून बघायची वस्तू आहे. खिडकीचा उजेड बाहेरून दिसतो, पडदा बाहेरून दिसतो, मग आवाज आतला कसा? एकाच माणसाचे डोळे बाहेर आणि कान आत असं कसं असेल? काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला जमत नसेल तर राहू दे." यावर जे करायचं तेच मी केलं. डबे परत नेले.

आतला आवाज म्हणजे बाहेरचा आवाज कमी-जास्त करून मिळत नाही, हे टेबलावर बसल्यावर लगेच ध्यानात आलं. बाहेरच्या माणसासाठी सांधा एक आणि त्यावरून जाणाऱ्या बोग्या अनेक. आतल्या माणसासाठी बोगी एक आणि तिच्याखालून जाणारे सांधे अनेक. ताशी ८० किलोमीटरच्या त्या वेगाने त्याला दर १.३५ सेकंदाला आपल्या बोगीचे दोन ठोके ऐकू येतात, आणि मध्ये कुठेतरी शेजारच्या बोग्यांचे दबलेले. चारचा गट नाहीच. आणि हे फक्त समोरच्या सरळ भागात होऊन चालत नाही, गाडी मागच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी चालूच राहायला हवं. म्हणजे रुळातली चुंबकं बाद.

चुंबक अ‍ॅक्सलवर न्यावं लागलं. प्लास्टिकच्या कडीवर समोरासमोर दोन, म्हणजे चाक हेलकावणार नाही. पण एकाचं उत्तर टोक बाहेर, दुसऱ्याचं दक्षिण. एकाच टोकाला दाद देणारा हॉल सेन्सर निवडला की एका फेऱ्याला एकच खूण मिळते. आणि इथे आकड्यांनी माझी बाजू घेतली. चाक ११ मिलिमीटरचं, परीघ ३४.६ मिलिमीटर, दहा फेऱ्यांत ३४६ मिलिमीटर. ८७ ने गुणा, ३० मीटर! दहा फेरे मोजायचे, पहिला ठोका वाजवायचा, आणि त्यानंतर एका फेऱ्याच्या ८३ टक्के वेळाने दुसरा, कारण बोगीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर परिघाच्या तेवढं आहे. गाडी मंदावली की ठोकेही मंदावतात, थांबली की थांबतात. डीसीसीचे आदेश वाचणाऱ्या डीकोडरला वेग विचारत बसावं लागत नाही. स्वस्त साउंड मॉड्यूल मात्र इथे कुचकामी ठरतं, आदेश दिल्यावर आवाज निघेपर्यंत दुसऱ्या ठोक्याची वेळ निघून गेलेली असते. आवाजाचा तुकडा फेरे मोजणाऱ्या कंट्रोलरच्याच मेमरीत ठेवून छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला दिला.

खरी डोकेदुखी होती ती आवाजाचा पोत. बर्थवर आडवं पडलेल्या माणसापर्यंत ठोक्याची धार पोहोचत नाही. लाकूड, गादी, लोखंड यांतून गाळून जे येतं ते खोल असतं, उशीतून कानात शिरणारं. आणि एवढासा स्पीकर काढतो ती नेमकी धारच, खोल सूर त्याच्या आवाक्याबाहेर. टेबलाखाली मोठा स्पीकर लावणं मला मंजूर नव्हतं. आवाज डब्यातूनच यायला हवा. मग आपल्या कानाच्या एका सवयीचा आधार घेतला. खालचा सूर गाळून फक्त त्याच्या पटीतले वरचे सूर ऐकवले, तरी मेंदू तो खालचा सूर मनानेच भरून काढतो. वरची कर्कश पट्टी कापली, मधली थोडी उचलली, स्पीकर तिसऱ्या डब्याच्या शौचालयाच्या कप्प्यात तोंड वर करून बसवला. बाकी तीन डबे जवळजवळ मुके केले. आधीचा बाहेरचा आवाज मी काढला नाही, फंक्शनच्या वेगळ्या बटणावर ठेवला. तो माझ्या दृष्टीने अजूनही त्या गाडीचा खरा आवाज आहे.

काका पुन्हा पाठ करून बसले. "अजून कमी कर," म्हणाले. मी कमी केला. "अजून." आवाज इतका खाली आला की मी उभी होते तिथे मला मॉडेलच्या चाकांचीच खसखस जास्त ऐकू येत होती. त्यावर त्यांनी हात वर केला, राहू दे म्हणून. पुढचा बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मीही गाडी थांबवली नाही. माझ्या बाजूने तिसरा डबा जायचा, वाचायचा दिवा खिडकीच्या कोपऱ्यात दिसायचा, आणि ज्यांच्यासाठी तो लावला ते दुसरीकडे तोंड करून बसलेले. मला थोडं लागलं, हे खरं आहे. चार डब्यांतलं माझं सगळ्यांत बारीक काम ते होतं.

उठताना त्यांनी विचारलं, "तो दिवा चालू आहे ना?"

"आहे."

"मग ठीक."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. दिवा बघायचा नव्हता, पण चालू असायला हवा होता. माझा सगळा हिशोब बघणाऱ्या माणसाला धरून असतो. किती अंतरावरून काय दिसेल, किती उजेड खरा वाटेल. त्या हिशोबात बसणारं हे गिऱ्हाईक नव्हतं, आणि तरीही एवढं नेमकं काम माझ्याकडून आजवर कुणी करून घेतलेलं नाही.

आता त्यांनी बोगद्याचा विषय काढलाय. त्यांच्या लेआउटवर मागे डोंगर आहे. गाडी बोगद्यात शिरली की बाहेरच्यासाठी आवाज दबायला हवा. आतल्यासाठी उलट, भिंतींवर आपटून तो एकदम वाढतो. काकांना अर्थातच वाढलेला हवाय. म्हणजे गाडी दिसेनाशी झाल्यावर डोंगरातून आधीपेक्षा मोठा आवाज येणार, आणि लेआउट बघायला आलेल्या कुणालाही ते चुकीचंच वाटणार. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बघायला आलेल्यांसाठी ते दुसरं बटण आहे की. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी चुंबकं पुरून झालीत, आत शिरल्याची खूण डब्याला बरोबर मिळते. आवाज किती वाढवायचा ते अजून ठरलेलं नाही. मी थोडाच म्हणते, ते भरपूर म्हणतात.