तुम्ही विचारलंत म्हणून: साठ-सत्तर हजारांत व्हिडिओसाठी कुठला कॅमेरा घेऊ?

"साठ-सत्तर हजार जमवलेत, व्हिडिओ करायला शिकायचंय, कुठला मिररलेस घेऊ?" हा प्रश्न (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दवाखान्यात नंबराची वाट बघताना विचारला गेलाय, एकदा तर तेराव्याच्या जेवणावर. मी सरळ मॉडेलचं नाव सांगत नाही म्हणून माणसं हिरमुसतात. मी आधी उलट विचारतो: कॅमेरा हातात धरून चालणार आहात, की ट्रायपॉडवर ठेवून समोर बसणार आहात?

या किमतीतला प्रत्येक कॅमेरा म्हणजे महागड्या कॅमेऱ्यातून काहीतरी काढून घेतलेला कॅमेरा. काय काढलंय ते डब्यावर छापत नाहीत. डब्यावर सगळीकडे 'फोर-के' (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचं चित्र) एवढंच ठळक असतं. जे काढलंय ते तुमच्या कामाचं नसेल तर सौदा छान झाला. नेमकं तेच हवं असेल तर सत्तर हजार घालूनही रोज चिडचिड.

चालणाऱ्यांचं आधी बघू, कारण त्यांचा निकाल लवकर लागतो. सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन आर५०, निकॉन झेड३०, तिघांतही सेन्सर (चित्र टिपणारी चकती) स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. किट लेन्समधलं, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्समधलं, स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सांभाळतं, पावलांचे हादरे नाही. मग कॅमेरा डिजिटल उपाय करतो, म्हणजे चौकटीच्या कडा कापतो. झेडव्ही-ई१० ची किट लेन्स १६ मिलिमीटरपासून सुरू होते, फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, हिशेबात २४ (आकडा लहान तितकी चौकट रुंद). ॲक्टिव्ह मोड, म्हणजे हाच डिजिटल उपाय, लावला की तीच ३५ च्या आसपास जाते. हात लांब करून स्वतःकडे धरलात तर चौकटीत तुमचं तोंडच तोंड, मागचा गड गायब. गडावर चढताना बोलत जायचंय त्यांनी मिररलेसचा नाद सोडावा. चांगला फोन नाहीतर डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ घ्यावा. त्यात छोटा गिम्बल (हादरे जिरवणारी फिरती बैठक) आणि एक इंची सेन्सर आहे, आणि तो खिशात मावतो.

बसून बोलणारे, रेसिपी दाखवणारे, शिकवणारे, मुलाखती घेणारे यांना मात्र मिररलेसचा खरा उपयोग आहे.

त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा सापळा सेकंडहँड बाजारात आहे: कॅनन एम५०. २०१८ चा कॅमेरा, चेहऱ्याचा रंग सुरेख, स्क्रीन पूर्ण फिरते, आणि जाहिरातीत फोर-के लिहिलेलं. फोर-के लावलंत की दोन गोष्टी होतात. चौकट दीडपटीहून जास्त आवळते, आणि कॅननची ज्यासाठी ख्याती आहे तो ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (पटकन आणि अचूक फोकस धरणारी यंत्रणा) बंद पडतो. फुल एचडीत हाच कॅमेरा शहाण्यासारखा वागतो. म्हणून विकणारा 'फोर-के आहे' म्हणाला की किंमत पाडून मागा. त्याचा ईएफ-एम माउंटही (लेन्स जोडायची खाच) कॅननने बंद केलाय, तेव्हा पुढे त्या लेन्स जुन्याच शोधत बसाव्या लागतील. २०२३ चा आर१०० नवाकोरा आणि स्वस्त दिसतो, पण फोर-केचं रडगाणं तेच, शिवाय स्क्रीन ना फिरते ना स्पर्शाला दाद देते. एकट्याने स्वतःचं शूटिंग करणाऱ्याला तो फुकट मिळाला तरी महाग. त्याच वर्षीचा आर५० मात्र पूर्ण रुंदीचं फोर-के देतो आणि फोकसही शाबूत ठेवतो.

झेडव्ही-ई१० बद्दल आपल्याकडे एक गैरसमज पसरलाय. इंटरनेटवरच्या बहुतेक परीक्षणांत 'फोर-केमध्ये क्रॉप होतो', म्हणजे चौकटीच्या कडा कापल्या जातात, अशी तक्रार ऐकू येते. ती अमेरिकेतल्या माणसाची तक्रार आहे. तो सेकंदाला तीस फ्रेमवर शूट करतो आणि तिथे खरंच १.२३ पट क्रॉप होतो. तुम्ही मेनूत जाऊन एनटीएससीचं (अमेरिकेतली पद्धत) पाल (आपल्याकडची पद्धत) करा आणि पंचवीस फ्रेम लावा. पूर्ण रुंदी मिळते.

आणि आपल्याला पंचवीसच हवेत, तेही वेगळ्या कारणाने. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. स्वयंपाकघरात शटर १/६० (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) ठेवून ओट्याच्या मागच्या पांढऱ्या टाइल्स बघा: वरून खाली सरकणारे मळकट पट्टे दिसतील. लोक म्हणतात सेन्सर खराब आहे, दुकानदार म्हणतो फर्मवेअर टाकतो. शटर १/५० करा, पट्टे गेले. ग्रे मार्केटमध्ये (अधिकृत विक्रेत्याबाहेर) चार-पाच हजार वाचवणाऱ्यांना आणखी एक सूचना: जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सोनीत मेनू फक्त जपानी असतो, आणि भारतातली वॉरंटी तर नाहीच.

झेडव्ही-ई१० मधून काय काढलंय? व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, हे बसून बोलणाऱ्याला चालतं. सेन्सर सावकाश वाचला जातो, त्यामुळे कॅमेरा झटकन फिरवला की विजेचे खांब तिरके होतात. हेही चालतं, फिरवू नका. पण माइकसोबत हेडफोनचं भोक ठेवलंय. आर५० आणि झेड३० मध्ये ते नाही. माझ्या लेखी हा फरक सगळ्यांत मोठा.

कारण चित्र थोडं मऊ आलं तर लोक बघतात, आवाज फुटका आला की दहा सेकंदांत पुढे सरकवतात. आत्याकडून पुरणपोळी शूट करायचीय समजा. कुकर, एक्झॉस्ट, फ्रीज, खालून भंगारवाला. कॅमेऱ्यावरचा माइक दीड मीटरवरून हे सगळं आत्याच्या आवाजाइतक्याच प्रेमाने टिपतो. त्यापेक्षा हजारभर रुपयांचा बोया एम१ सारखा कॉलर माइक पदराआड लावा. त्याची वायर सहा मीटर आहे, ओटाभर फिरता येतं. वायरवरच्या डबीतला स्विच फोनसाठी एकीकडे, कॅमेऱ्यासाठी दुसरीकडे, आणि कॅमेऱ्यासाठी आत बटणासारखा एलआर४४ सेल लागतो. स्विच चुकला तर सगळं रेकॉर्डिंग मुकं, आणि हे हेडफोन कानाला असेल तरच वेळेवर कळतं. माइकचं ऑटो लेव्हलही बंद करा. नाहीतर आत्या पोळी लाटताना गप्प झाल्या की कॅमेरा आवाज वाढवत नेतो आणि पंख्याची घरघर वर येते.

उन्हात काम असेल, शेतीचे व्हिडिओ वगैरे, तर एनडी फिल्टरचे (लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काळी काच) पैसे आधी बाजूला काढा. पंचवीस फ्रेमला शटर १/५० ठेवायचं म्हटलं तर भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर सुद्धा ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ २२ इतकं बारीक लागतं. एफ ४ वर शूट करायचं तर प्रकाश बत्तीस पटीने कमी करावा लागेल. फिल्टर नसेल तर शटर १/१००० च्या वर जाईल. बोलणाऱ्या माणसात काही बिघडत नाही, पण वाऱ्यावरचा ऊस आणि पाटाचं पाणी तुटक-तुटक दिसतं.

कीर्तनं, व्याख्यानं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी माझं मत थोडं बदलतं. आर५० एका दमात तासभरच रेकॉर्ड करतो, झेड३० फुल एचडीत सव्वाशे मिनिटांपर्यंत. सोनीची एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी छोटी, दोन तासांच्या कीर्तनाला पुरत नाही, पण यूएसबी-सीने पॉवर बँक लावून चालवता येतो. मे महिन्यात मांडवात तो तापून बंद पडू नये म्हणून मेनूतलं 'ऑटो पॉवर ऑफ टेम्प' हाय वर ठेवायचं. कार्ड व्ही३० चं (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) घ्या. सेकंदाला शंभर मेगाबिटचं फोर-के तासाला ४५ जीबी खातं, तेव्हा ६४ जीबीत कीर्तन आरतीपर्यंत पोचणार नाही. फुल एचडीत केलंत तरी बुवांना आणि श्रोत्यांना फरक कळणार नाही, हेही सांगून ठेवतो.

लेन्सचं थोडक्यात: किट लेन्स घ्या आणि वर्षभर बदलू नका. पुढे खोलीतल्या कमी उजेडासाठी सोनी माउंटला सिग्माच्या १६ आणि ३० मिलिमीटर, एफ १.४ लेन्स सहज मिळतात. कॅननच्या (आर५० च्या) आरएफ माउंटला सिग्माने २०२४ मध्ये लेन्स काढायला सुरुवात केली, तेव्हा तिकडेही आता अडून राहत नाही.

दुकानात जाताना आपलं कार्ड, आपला माइक आणि हेडफोन घेऊन जा. बहुतेक दुकानांत ट्यूबचा उजेड असतोच. पंचवीस फ्रेम, १/५०, फोर-के. काउंटरवर कॅमेरा ठेवा, समोर उभे राहून मिनिटभर बोला, मध्येच हातातली किल्ली लेन्सपुढे धरा आणि काढा. फोकस किल्लीवर आला का, परत चेहऱ्यावर गेला का, ते घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. तिन्हींचं बघून मगच पैसे द्या.