तरसांच्या बिळापाशी

४ सप्टेंबर, मासाई मारा, केनिया, तालेक नदीजवळ

पहाटे साडेपाचला गाडी निघाली. विषुववृत्त इथून फार लांब नाही, तरी बोटं इतकी गारठली होती की पेन धरवेना. आपण दीड हजार मीटरच्याही वर आहोत हे नकाशात पाहिलं होतं, आज अंगाला कळलं.

उजाडल्यावर पहिली ओळख पटली ती हिंगणबेटाची. माराच्या फोटोंत गवतात एकटं उभं असलेलं, छत्रीसारखं झाड असतं, ते मी आजवर बाभूळच समजत होते. त्यांतली बरीचशी झाडं हिंगणबेटाची निघाली. सुप्याजवळच्या आमच्या माळावर हेच झाड खुरटं, काटेरी वाढतं. शाळेतून येताना त्याच्या फळाचा गर हाताला चोळून आम्ही फेस काढायचो. इथे जिराफांनी खालून कातरून कातरून त्याची कड दोरी धरल्यासारखी सरळ करून ठेवली आहे.

काम सोपं सांगितलं: तरस दिसला की दोन्ही कुशींचे फोटो घ्यायचे. ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, त्यावरून ओळख. १९८८पासून तरसांच्या अभ्यासक केय होलकॅम्प यांच्या गटाने या तालेक भागातल्या तरसांच्या पिढ्या अशाच ओळखून ठेवल्या आहेत. कोण कोणाची आई, कोणाची पणजी, सगळं. दिवसभरात मला एकही ओळखता आला नाही.

९ सप्टेंबर

आज बिळापाशी साडेतीन तास. गाडी बंद करून, न बोलता.

पिल्लं काळी कुळकुळीत असतात, ठिपके नंतर उमटतात. जन्मतःच डोळे उघडे आणि तोंडात दात. एक पिल्लू, जेमतेम मांजराएवढं, आमच्या टायरचा वास घेऊन गेलं. तेवढ्यात एक मोठी मादी हाड घेऊन आली आणि बिळापासून जरा लांब बसली. हे पिल्लू तिच्याकडे शेपूट उभारून सरळ चालत गेलं. ती त्याच्या पाचपट तरी असेल. तिने कान मागे पाडले, दात दाखवत मान खाली घातली आणि हाड सोडून बाजूला झाली!

मझेंनी हळूच सांगितलं, "ते राणीचं आहे." मझे म्हणजे इथल्या बोलीत वडीलधारा माणूस. आमच्या मासाई वाटाड्यांना सगळे हेच म्हणतात, मीही. ते मला 'बिंटी' म्हणतात, म्हणजे लेक.

ठिपकेवाल्या तरसांत माद्यांचं राज्य असतं. नर त्यांच्याहून थोडे लहान, आणि बाहेरून कळपात आलेला नर सगळ्यांच्या खाली. मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो, आणि कोणापुढे झुकायचं, कोणाला झुकवायचं हे पिल्लं बिळाच्या तोंडाशी खेळता खेळता शिकतात. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं आहे, चांगले गुणही मिळाले होते. पण त्या मादीने मान खाली घातली तेव्हा मला तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की पुढच्या नोंदी करायच्या राहून गेल्या. तिचीही पिल्लं त्याच बिळात होती. तिच्या पिल्लांना दुसरी कोणी पाजणार नव्हती. इथे जिची ती आपल्याच पिल्लांना पाजते.

१३ सप्टेंबर

सकाळी सहाला सात तरसांनी वाइल्डबीस्ट, म्हणजे इथलं गाईसारखं दिसणारं मोठं हरीण, पाडला. आम्ही लांबून पाहिलं, फार वेळ लागला नाही. सव्वासहाला दोन सिंहिणी आणि मागून एक आयाळवाला आला. तरस खिंकाळत मागे हटले. ज्याला लोक त्यांचं हसणं म्हणतात ते असं असतं: अंगावर कोणी धावून आलं, घास हिसकावला गेला की निघणारा आवाज. त्यात हसण्यासारखं काही नाही.

सातला पर्यटकांच्या गाड्या आल्या. सिंह खातोय आणि तरस भोवती लाळ गाळत उभे आहेत, एवढंच त्यांना दिसलं. शेजारच्या गाडीतला माणूस मुलाला सांगत होता, "बघ, चोर आलेत." मला उठून सांगावंसं वाटलं. १९६०च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी टांझानियातल्या गोरोंगोरोत रात्री जागून हेच पाहिलं होतं, की तरस स्वतः शिकार करतात आणि पुष्कळदा सिंहच त्यांची हिसकावतात. पन्नास वर्षं उलटून गेली तरी तरस तो तरसच.

मीही वेगळी कुठे होते? आमच्याकडचा तरस पट्टेरी, एकटा फिरणारा, मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगणारा. जात वेगळी, पण घृणा तीच. लहानपणी ओढ्याकाठी एक दिसला तेव्हा आम्ही पोरांनी त्याला दगड मारले होते. तो धावलासुद्धा नाही, पाठीवरचे केस उभे करून नुसता चालत गेला. आज तो सारखा आठवत राहिला.

१७ सप्टेंबर

दुपारी पाऊस झाला आणि परतताना गाडी काळ्या मातीत रुतली. आमच्या रानासारखीच चिकट माती, इथेही तिला कपाशीची काळी मातीच म्हणतात. चाक फिरवावं तेवढं खोल. वायरलेसवरून कळवलं, दुसऱ्या गाडीला यायला तीन तास. खाली उतरायची सोय नव्हती. बघता बघता अंधार पडला.

आठच्या सुमारास पहिली हाक आली. 'ऊऽऽऽप', खालून उचलून वर नेलेली, पुन्हा, पुन्हा. मग दुसरीकडून उत्तर. ही हाक काही किलोमीटर जाते आणि प्रत्येकाची निराळी असते, कोण ओरडतंय हे त्यांना कळतं. मझेंनाही कळत होतं. डोळे मिटून ते सांगत होते: ही नदीकडची म्हातारी, हा नवा नर.

मग गाडीच्या अगदी बाजूला श्वास ऐकू आला. काच बोटभर उघडी होती. ओल्या केसांचा आणि शेणाचा वास. मी टॉर्च लावला नाही. मझेंनी हातावर हात ठेवला होता. तिने बंपर चाटला असावा, कारण धातूवर दात घासल्याचा आवाज झाला. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण ती गेली तेव्हा जीव भांड्यात पडला नाही, आणखी थोडा वेळ थांबली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

साडेनऊला दिवे दिसले.

२० सप्टेंबर

हत्ती, चित्ता, नदी ओलांडणारे कळप. सगळं पाहिलं, फोटो वेगळे ठेवलेत.

२२ सप्टेंबर

मझेंच्या घरी चहा. आपल्यासारखाच, दूध-साखर घालून उकळलेला. भोवती काट्याचं कुंपण आणि रात्री गुरं आत. धनगरांची वाघूर जाळ्याची असते, ही काटेरी फांद्यांची, एवढाच फरक.

गुरांवरून रोगांवर बोलणं गेलं आणि मझेंनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेला शब्द सांगितला: 'एमुताई', सगळं संपणं. १८९०च्या आसपास मासाईंची बहुतेक गुरं मेली, त्यामागून देवी आणि उपासमार. त्या रोगाचं इंग्रजी नाव पुस्तकात कितीदा वाचलं होतं. आज एकदम लक्षात आलं, अरे, ही तर आपली बुळकांडी! पुढे गुरांना लस टोचली गेली तशी रानातली जनावरंही मरायची थांबली, आणि १९६०च्या सुमाराला अडीच लाखांवर असलेले, माराला लागून असलेल्या सेरेंगेटीचे वाइल्डबीस्ट पुढच्या पंधरावीस वर्षांत तेरा लाखांवर गेले. त्यांच्यामागे सिंह वाढले, तरस वाढले. २०११ साली हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं.

रात्री आजोबांना फोन लावला. "बुळकांडी?" ते म्हणाले, "मी लहान होतो. एका आठवड्यात गोठा रिकामा झाला होता, बाळ." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मी तरसांचं सांगितलं. पिल्लाचं, बंपर चाटणारीचं. आजोबा म्हणाले, "आपल्या माळावर पण होतं की बीळ. हिंगणाच्या खाली, कातळाला लागून. आता प्लॉटिंगवाल्यांनी खांब रोवलेत, सरकारदरबारी पडीकच ना ती जमीन." मागच्या वर्षी तिथे पांढरी विष्ठा पाहिल्याचं ते म्हणाले. हाडं खाणाऱ्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी पडते. म्हणजे मागच्या वर्षीपर्यंत तरी तिथे कोणीतरी होतं.

बिळाचं तोंड कोणत्या बाजूला, विचारलं.

"उगवतीला. आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून समोर मातीचा उंचवटा आहे. तू ये, मी दाखवतो."

वहीच्या शेवटच्या पानावर नकाशा काढला आहे: ओढा, कातळ, हिंगण, खांब. घरी पोचायला अजून अकरा दिवस.