लेबल खरं, तरी साडी मातकट

डब्यावर छापलेल्या लुमेनपेक्षा (उजेडाच्या मापापेक्षा) कमी उजेड देणारे एलईडी दिवे आमच्या फोटोमेट्री, म्हणजे उजेड मोजण्याच्या, लॅबमध्ये नेहमीच येतात. पण पुण्यातल्या एका साडीच्या दुकानातून आलेल्या डाउनलाइटचं लेबलही खरं निघालं आणि दुकानदारांची तक्रारही.

“मॅडम, लाल साडी मातकट दिसते. गिऱ्हाईक ती उचलून थेट उन्हात नेऊन बघतं,” दुकानदार काका म्हणाले. पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं: सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ८०च्या वर आहे, दोष तुमच्या नजरेचा.

दिवा स्फिअरमध्ये लावला. आतून बेरियम सल्फेटचा पांढरा लेप दिलेला हा पोकळ गोल; दिव्याचा उजेड आतल्या आत परतत राहून सगळीकडे सारखा पसरतो आणि एका जागी मोजता येतो. खोली २५ अंशांवर. दिवा लावल्या लावल्या रीडिंग धरायचं नसतं, कारण चिप तापते तसा उजेड उतरतो. १५-१५ मिनिटांनी घेतलेल्या तीन रीडिंगमधला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला, की मगच आकडा खरा. तोवर काका मांडीवर पैठणीची पिशवी घेऊन बसून होते.

वॅट बरोबर, लुमेन बरोबर, सीआरआय ८१. मग मी एकेका रंगाचा स्तंभ उघडला. आर-९, म्हणजे गडद लाल, शून्याच्या खाली गेला होता: उणे ४.

सीआरआय ही चाचणीच्या चौदा रंगांपैकी पहिल्या आठ रंगांची सरासरी, आणि ते आठही सौम्य. नववा लाल त्यात धरतच नाहीत. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारा लेप. लाल फॉस्फर वाढवला तर रंग खुलतात, पण गडद लाल उजेड डोळ्याला कमी जाणवतो, म्हणून दर वॅटमागचे लुमेन घटतात. मग कात्री लागते ती लालला. वीज वाचायलाच हवी, पण कापडाच्या दुकानात किंवा दवाखान्यात ही काटकसर मला अजिबात मान्य नाही.

लॅबमधला आर-९ चांगला असलेला दिवा शेजारी लावला आणि पैठणी दोन्हींखाली धरली. इकडे विटेचा रंग, तिकडे लख्ख कुंकू. “हाच! विणकरानं दिलाय तो हाच रंग,” काका उठूनच उभे राहिले.

रिपोर्टच्या नमुन्यात आर-९चा रकाना नव्हता. वर्णपटाचा आलेख आणि चौदाही रंगांचे आकडे मी वेगळ्या पानावर जोडून दिले. पुढच्या ऑर्डरमध्ये ‘सीआरआय ९०च्या वर, आर-९ किमान ५०’ असं लेखी घ्या, हेही सांगितलं.