आमची वाटचाल : बांधाच्या मोजणीतून पुराच्या नकाशापर्यंत

आमचं ऑफिस सांगलीत, काम मोजणीचं. एका सेकंडहँड टोटल स्टेशनवर (अंतर आणि उंची मोजायचं यंत्र) सुरुवात केली, प्लॉटचे लेआउट, बांधाची भांडणं, रस्त्याच्या लेव्हल, वर्षानुवर्षं हेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45, आणि 8 तारखेला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तेव्हापासून एकच डोक्यात, आपण रोज उंची मोजतो पण कुणाचं घर कितव्या फुटाला बुडतं हे आपल्याला सांगता येत नाही.

मग पलूस तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव घेतलं, बिनपैशाचं. ड्रोन उडवला, दोन दिवसात कॉन्टूर (सारख्या उंचीच्या रेघा) तयार, नकाशा ग्रामपंचायतीत लावला. एक आजोबा जवळ जाऊन बघत म्हणाले, "साहेब, ह्यो मळ्याचा रस्ता उंच दावलाय, तिथं तर पयलं पाणी येतंय." बरोबर होतं त्यांचं. आजूबाजूला उभा ऊस, ड्रोननं जमीन नाही, उसाचे शेंडे मोजलेले. लोक त्याच रस्त्यानं निघाले असते तर, या विचारानं आजही अंगावर काटा येतो. ऊसतोड झाल्यावर डीजीपीएस (उपग्रहावरनं जागा आणि उंची अचूक मोजायचं यंत्र) घेऊन सगळं शिवार परत चालत मोजलं.

खरी माहिती भिंतींवर होती. 2005 चं पाणी इथवर, 2019 चं इथवर, कुणी ऑइलपेंटची रेघ मारलेली तर एका घरात देव्हाऱ्याखाली गाळाचा डाग तसाच. प्रत्येक खुणेची लेव्हल घेतली आणि त्या वर्षीच्या आयर्विनच्या आकड्याशी जोडली, कारण पावसाळ्यात तोच आकडा प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो. आता नकाशात गल्लीवार लिहिलंय, आयर्विनला किती झालं की तुमच्या दारात पाणी.

हे करताना कळलं की गाव आधी ओढ्यामुळं अडकतं, नदीचं पाणी ओढ्यातून उलटं चढतं आणि घरं कोरडी असतानाच ओढ्यावरचा बुटका फरशी पूल बुडतो. म्हणून निघायची वेळ फरशीवरनं ठरवली, घरावरनं नाही. आणि जनावरांची जागा सगळ्यात आधी, कारण गोठा भरलेला ठेवून आमच्याकडं कुणी घर सोडत नाही. अंथरुणावरच्या माणसांची यादी गावातल्या आशाताईंनी (आरोग्यसेविका) करून दिली, ती भिंतीवर नाही लावली, त्यांच्याकडं आणि पोलीस पाटलांकडंच ठेवली.

2021 च्या जुलैत आयर्विन परत 50 च्या वर गेलं. त्या गावातली जनावरं फरशी बुडायच्या आदल्या रात्रीच माळावर पोचली होती, वैरणीसकट. सध्या वारणाकाठचं एक गाव घेतलंय, ऊस निघायची वाट बघतोय.