तिथं कुणी ओळखीचं आहे का हो?

आपल्या सोलापुरात कुठल्याही ऑफिसात काम निघालं की फी किती, कागद कुठले हे कुणी विचारतच नाही, पहिला प्रश्न "तिथं कुणी ओळखीचं आहे का?" मग फोनाफोनी, मेव्हण्याचा मित्र, त्या मित्राचा साडू, शेवटी एक नंबर मिळतो आणि "माझं नाव सांगा, होऊन जाईल". विद्यापीठ आणि कॉलेजची कामं पण याच रस्त्यानं जातात. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला नोटांचं पाकीट दिसतं, पण मला विचाराल तर पाकीट लई नंतर येतं, आधी ओळख येते, आणि ज्याच्याकडं ओळख नाही त्याला मग पाकीट काढावं लागतं. एवढंच गणित आहे.

आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं, २००४ साली झालं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होती. तेव्हा मार्कशीटात एखादी दुरुस्ती करायची तर एसटीनं कोल्हापूर गाठायचं, आता केगावला विद्यापीठात जाऊन संध्याकाळी घरी. सोय झाली, नाही कोण म्हणतंय. पण एका जिल्ह्यात शिकवणारे, पेपर तपासणारे, ऑफिसातले, संस्थाचालक सगळे एकमेकांच्या लग्नात जेवलेले असतात, आणि पूर्व भागातल्या ज्या पोराच्या घरी आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात, घराण्यात पहिल्यांदाच कुणी डिग्रीला गेलंय, त्याचा साडू कुठून येणार ऑफिसात?

दरवर्षी सरदार पटेल जयंतीच्या आठवड्यात भ्रष्टाचाराविरुद्धचा दक्षता सप्ताह असतो. बॅनर लागतो, सगळे हात पुढं करून शपथ घेतात, फोटो निघतो. माझा शपथेला विरोध नाही, पण शपथेनं कुणाचा हात थांबलाय असं मी तरी अजून बघितलं नाही. हात थांबतो तो कागदानं.

माझ्या पुतणीचंच सांगतो. कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायचं कारण नाही, सगळीकडं तेच. टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, पाहिजे होती, तर साहेब नाहीत, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं आपणहून सांगितलं, पाचशे द्या, संध्याकाळी हातात देतो. आता झेरॉक्सवाल्याला आतलं कसं माहीत हे विचारू नका. पुतणीनं काय केलं, साध्या कागदावर अर्ज लिहिला, दोन प्रती, आणि आवक टेबलवर जाऊन म्हणाली की एक तुम्हाला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर टाकून पोच द्या. टेबलवरच्या बाईंनी एकदा अर्जाकडं, एकदा हिच्याकडं बघितलं, "कशाला पोच, देतो की आम्ही", पण शिक्का मारला. टीसी मिळाली, पाचशे वाचले. तोंडी केलेल्या कामाला तारीखच नसते हो, त्यामुळं ते कधीच लेट होत नाही. सरकारी ऑफिसांसाठी २००५चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांच्या वर पडून राहू नये असं त्यात आहे, पण अर्ज कधी आला हेच कागदावर नसेल तर सात दिवस मोजणार कुठनं?

सगळ्यात चांगला इलाज आपल्या समोरच आहे, उत्तरपत्रिकेचं कोडिंग. नाव, नंबर झाकला, कोड टाकला, की तपासणाऱ्याला कळतच नाही पोरगं कुणाचं. तो माणूस सज्जन आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. त्यातून शंका आली तर तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळते, सुप्रीम कोर्टानं २०११ सालीच सांगितलंय की माहिती अधिकारात ती विद्यार्थ्याला द्यायला पाहिजे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. इंटर्नल आणि प्रॅक्टिकलला मात्र हे काही चालत नाही, तिथं पोरगं समोर उभं असतं आणि सरांना त्याचे वडील माहीत असतात. निदान इंटर्नलचे मार्क फायनल व्हायच्या आधी कशाला किती दिले ते फोडून नोटीस बोर्डावर लावा, पोरं आपसात बरोबर हिशोब लावतात.

पीएचडीचं तर वेगळंच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमात दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या वर गेलं की प्रबंध दुरुस्त करण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत शिक्षा आहे. सॉफ्टवेअर कॉपी पकडतं, पण गाइडच्या घरचं गॅस सिलेंडर कोण आणतं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या जेवणाचं बिल कोण भरतं ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये येणार?

पैसे उघड मागितले तर एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत खात्याचा, १०६४ नंबर आहे, फोन करा. ते नोटांना पावडर लावून देतात, घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी. आणि २०१८ पासून देणारा पण गुन्हेगार धरतात, जबरदस्तीनं द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवावं लागतं, हे आपल्याकडं बऱ्याच पालकांना माहीतच नाही. पण "आपला माणूस आहे, जरा बघा" या फोनला कुठली पावडर लावणार?

म्हणून मला अधिसभा, म्हणजे विद्यापीठाची सिनेट, महत्त्वाची वाटते. विद्यापीठाचा वार्षिक हिशोब आणि ऑडिट तिथंच मांडलं जातं, आणि २०१६च्या विद्यापीठ कायद्यात पदवीधरांनी निवडून दिलेले दहा जण तिथं बसतात. आपण डिग्री फ्रेम करून लावतो पण पदवीधर म्हणून नोंदणी करत नाही, मग ज्यांना उभं राहायचंय तेच आपापल्या माणसांची नोंदणी करून घेतात. नोंदणी करा राव. मत मागायला आले की चहा पाजा आणि दोनच गोष्टी विचारा, प्रत्येक काउंटरवर फीचा आणि किती दिवसांत काम होणार याचा बोर्ड कधी लावणार, आणि अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय ते मोबाइलवर कधी दिसणार. तारीख सांगितली तर ती तिथंच लिहून घ्या, त्यांच्याच पॅम्प्लेटच्या मागं, खाली सही घेऊन.