गवंड्याच्या लेव्हल नळीने थ्रॉटल बॉडी जुळवल्या

तीस हजार किलोमीटर झाले आणि माझ्या दोन सिलिंडरच्या गाडीला एक खोड लागली. सिग्नलला उभी राहिली की हँडलला बारीक थरथर. आरशात मागची रिक्षा दिसायची, पण तिचा नंबर वाचता यायचा नाही. लातूरच्या गंजगोलाईच्या गर्दीत थ्रॉटल जरासा उघडला की गाडी हिसका द्यायची. दोनदा सर्व्हिसिंगला टाकली, दोन्ही वेळा ‘आवाज नॉर्मल आहे’ एवढंच सांगून परत दिली.

मला वाटतं, आवाजावर भरवसा ठेवला तिथंच चुकलं. या गाडीचा क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, 270 अंशाचा आहे. एक सिलिंडर पेटल्यावर 270 अंशांनी दुसरा पेटतो, आणि पहिल्याची पाळी पुन्हा येईपर्यंत 450 अंश जातात. म्हणजे ठेका मुळातच लंगडा. त्यात एक सिलिंडर हवा कमी घेतोय की काय, हे नुसत्या कानाने कळणं अवघड. मोजायलाच पाहिजे.

काय मोजायचं ते आधी सांगतो. दोन्ही सिलिंडरना आपापली थ्रॉटल बॉडी असते आणि तिच्या आत हवा अडवणारी गोल चकती, बटरफ्लाय. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना, ही चकती जवळजवळ मिटलेली असते. फट एवढीशी असल्यामुळे दोन्हींत केसाएवढा फरक पडला तरी हवेच्या हिशेबात तो मोठा होतो. थ्रॉटल उघडत गेला की तोच फरक बुडून जातो. म्हणून माझी गाडी हायवेला शहाण्यासारखी चालायची आणि गावात त्रास द्यायची. ज्या सिलिंडरला हवा कमी, त्याच्या हवेच्या नळीत ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, जास्त. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की काम झालं.

डायलवाले गेज विकत मिळतात, पण एका गाडीसाठी तेवढा खर्च करायला मन होईना. तेव्हा मामांची लेव्हल नळी आठवली. मामा गवंडी. पाया आखताना पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक या कोपऱ्यावर, दुसरं त्या कोपऱ्यावर धरायचं, दोन्हीकडचं पाणी जिथं थांबेल ती पातळी. लहानपणी सुट्टीत त्या नळीचं दुसरं टोक धरायला मीच असायचो. ओढीतला फरक दाखवणारा मॅनोमीटर म्हणजे तीच नळी. फरक एवढाच, की तिच्या दोन टोकांना मोकळ्या हवेऐवजी दोन सिलिंडर लावायचे.

हार्डवेअरच्या दुकानातून सहा मीटर तसली नळी आणली. एका फळीवर ती यू आकारात क्लिपांनी बसवली, मधे इंचटेप चिकटवली आणि खालच्या भागात टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते टू-टी ऑइल भरलं. पाणी चालत नाही. चुकून ओढलं गेलं तर ऑइल जळून धूर होतो आणि विषय संपतो. पाणी सिलिंडरमध्ये जाणं इंजिनाच्या जिवावर बेतू शकतं.

आयडल 1200 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 1200 फेऱ्या धरला, तर दोन फेऱ्यांत एकदा या हिशेबाने एक सिलिंडर मिनिटाला 600 वेळा हवा ओढतो, सेकंदाला दहा वेळा. त्या धक्क्यांनी ऑइल इतकं नाचतं की आकडा वाचता येत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात हवेच्या नळीचे छोटे प्लॅस्टिकचे कॉक मिळतात. ते दोन्ही बाजूंना बसवले आणि जवळजवळ बंद केले. ऑइल शांत उभं राहायला लागलं.

शनिवारी संध्याकाळी मामा आले. “काय करलालास रे हे?” सांगितलं. त्यांनी फळी उचलली, उजेडात धरली आणि बोटाने नळीवर टिचक्या मारत खालपासून वर गेले. वळणावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा होता, तो मला दिसलाच नव्हता. टिचकीसरशी तो हलला, नळीला चिकटत चिकटत वर आला आणि फुटला. दोन्हीकडची पातळी माझ्या डोळ्यांदेखत सुतभर सरकली. “बुडबुडा ऱ्हायला की लेवल खोटी दाखवती,” मामा म्हणाले.

रविवारी सकाळी सहाला सुरुवात केली. मे महिना, नऊनंतर अंगणात थांबणं मुश्किल. शेडमध्ये बसायचा मोह झाला, पण चालू इंजिनाचा धूर बंद जागेत जीवघेणा असतो, तेव्हा अंगणातच. गाडी हवेवर थंड होणारी, उभ्या उभ्या तापणार, म्हणून घरातला कूलर उचलून तिच्यासमोर ठेवला. आदल्या दिवशी थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) तपासून घेतले होते, एअर फिल्टर साफ केला होता, इनटेकच्या रबरांना चिरा नाहीत हे बघितलं होतं. हे आधी करणं फार गरजेचं आहे. टॅपेट एका बाजूला घट्ट असेल तर ओढीतला फरक त्याचा असतो, आणि आपण स्क्रू फिरवून तो झाकून टाकतो.

सात-आठ किलोमीटर फिरवून गाडी गरम केली. दोन्ही बॉडींच्या व्हॅक्यूम पोर्टवरची, म्हणजे ओढ मोजायच्या तोंडांवरची, रबरी टोपणं काढून नळ्या लावल्या. प्रेशर सेन्सरच्या नळीला हात लावला नाही. स्टार्टर दाबला आणि दुसऱ्याच क्षणी ऑइल उजव्या नळीतून सरसरत वर गेलं. किल स्विच दाबेपर्यंत निम्मं आत. डावीकडची नळी पोर्टवरून निसटली होती.

एवढं जोरात का गेलं, ते नंतर हिशेब केला तेव्हा कळलं. आयडलला ओढ साधारण 200 ते 300 मिलिमीटर पाऱ्याएवढी असते. ऑइल पाऱ्यापेक्षा खूप हलकं, पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे ऑइलचे सुमारे साडेपंधरा. म्हणजे एक बाजू मोकळी सुटली तर दुसरी बाजू ऑइल तीन मीटरच्या वर उचलू शकते. माझी फळी एक मीटरची. पुन्हा गाडी चालू केल्यावर पाचेक मिनिटं पांढरा धूर निघाला आणि थांबला. मग दोन्ही टोकांना बारीक क्लॅम्प आवळले, ऑइल भरलं, टिचक्या मारून बुडबुडे काढले.

या वेळी ऑइल उजवीकडे चढलं आणि थांबलं. दोन्ही पातळ्यांत फरक 38 सेंटिमीटर! पाऱ्यात धरला तर जेमतेम 24 मिलिमीटर. साध्या गेजवर काटा थोडासा हलला असता, इथं हातभर दिसत होतं. घरगुती नळीची ही बाजू मला फार आवडली.

उजवीकडे ओढ जास्त, म्हणजे हवा कमी. माझ्या गाडीत दोन्ही बॉडींना स्वतंत्र बायपास हवेचे, म्हणजे चकतीला वळसा घालून जाणाऱ्या हवेचे, स्क्रू आहेत. काही गाड्यांत मधल्या दांड्यावर एकच स्क्रू असतो, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच हात घालावा. इंजिन बंद करून दोन्ही स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवून फेऱ्या मोजल्या. डावा सव्वा, उजवा पाव. दोन्ही होते तिथं परत आणले. रंग लावून बंद केलेला थ्रॉटलचा थांबा-स्क्रू कंपनीत बसवलेला असतो, त्याच्याकडे बघितलंही नाही.

उजवा स्क्रू थोडा थोडा उघडत गेलो. प्रत्येक वेळी थ्रॉटलला एक हलका झटका, ऑइल थरथरून नव्या जागी बसेपर्यंत दम, मग वाचायचं. 38 वरून 22, मग 9. तीन-चार मिनिटांनी गाडी बंद करून गार होऊ देत होतो. शेवटी अर्ध्या सेंटिमीटरवर आलं, उजवा तेव्हा पाऊण फेरीवर होता.

तरी मन मानेना. दोष नळीतच असला तर? मामा पातळी घेतल्यावर नळीची टोकं अदलाबदल करून परत बघतात. तसंच केलं. डावीकडची नळी उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. फरक तेवढाच राहिला. 3000 आरपीएमला धरून बघितलं, तिथंही ऑइल सेंटिमीटरच्या आत.

नळ्या काढल्या, टोपणं परत बसवली. एक जरी ढिलं राहिलं तर तिथून हवा शिरते आणि केलेलं सगळं वाया जातं, म्हणून दोन्ही बोटाने दाबून पुन्हा बघितली. मग मामांना मागं बसवून औशाच्या रस्त्याला लागलो. गावातून निघताना हिसका नाही. फाटकाजवळ उभं राहिल्यावर आरशात मागच्या टेम्पोचा नंबर वाचला, मोठ्याने. मामांनी मागं वळून तो ताडून बघितला.

घरी येऊन फळीच्या मागं चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं: डावा सव्वा, उजवा पाऊण, गरम इंजिन. फळी शेडमध्ये उभीच ठेवली आहे, आडवी केली तर ऑइल सांडतं.