शेळो आणि संजीवनी

गुरुवार, रात्री पावणेबारा, भुज

जेवून खाली चक्कर मारायला गेलो तर पार्किंगच्या भिंतीला लागून काहीतरी तुरुतुरु पळत होतं, मोबाईलचा टॉर्च मारला तर जागच्या जागी गोळा! मला वाटलं साळिंदराचं पिल्लू. वॉचमन काका हसले, "शेळो छे". म्हणजे हेजहॉग, कच्छ-राजस्थानकडचा लांब कानवाला. साळिंदराशी याचं काही नातं नाही, ते उंदराच्या जातीतलं, हा चिचुंद्रीकडचा पाहुणा.

टॉर्च बंद करून पाचेक मिनिटं गप उभा राहिलो. आधी काटे जरा सैल पडले, मग मधून ओलं काळं नाक बाहेर आलं, दोनदा हुंगलं, आणि मी नेमका खाकरलो तर फुस्स करून परत आत. अंगाच्या कडेने त्याला एक स्नायू असतो, बटव्याची नाडी ओढावी तसा तो आवळला की डोकं, पाय, पोट सगळं आत. कोल्ह्यासमोर ठीक आहे हो, पण गाडी आली तरी हा शहाणा तेच करतो.

वर आलो तर टेबलावर दुसरा गोळा. आईने पचमढीहून आणलेली संजीवनी, वीस रुपयांना, तपकिरी, मुठीएवढी. रामायणातलीच आहे असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं म्हणे. खरं नाव सेलाजिनेला, क्लबमॉस नावाच्या, बिनफुलांच्या बुटक्या वनस्पतींची चुलत बहीण, घराणं 40 कोटी वर्षांचं. यांचे भाऊबंद एकेकाळी 30 मीटर उंच वाढायचे आणि युरोपातला बराचसा कोळसा त्यांचाच, आणि ही बाई प्लास्टिकच्या पिशवीत.

वाडग्यात पाणी घालून ठेवली. आता तासाभरात बाहेरच्या फांद्या हळूहळू मागे पडायला लागल्यात, बघत बसलं तर काही हलत नाही, पाणी प्यायला जाऊन आलं की एक फांदी उघडलेली.

मगाशी वाटलं होतं दोघं सारखेच, संकट आलं की गोळा. पण शेळो घाबरतो म्हणून मिटतो, ही नुसती सुकते म्हणून. फांदीची आतली आणि बाहेरची बाजू सारखी आकसत नाही, म्हणून वळते, बस. मेक्सिकोच्या वाळवंटात हिची एक बहीण आहे, ती तर मेलेली असली तरी पाण्यात उलगडते! म्हणजे शेळोचं नाक बाहेर आलं की समजायचं जिवंत आहे, इथे उघडली म्हणून काहीच कळत नाही.

आईचा मेसेज आलाय, "उघडली का? फोटो टाक". टाकला. हिरवी होते का ते उद्या बघू, तोवर तिला काही बोलत नाही.